स्पोर्ट्स कारला नवे शॉक निवडताना नेमके काय पाहावे?

पावसाळा ओसरून दिवाळी जवळ आली, की चार महिने आच्छादनाखाली झाकून ठेवलेल्या गाड्या गोव्यातील गॅरेजांत दिसू लागतात. गेल्या वर्षी म्हापशाच्या एका गॅरेजात माझी दोन आसनी गाडी लिफ्टवर चढवली, तेव्हा मागच्या डाव्या शॉकच्या अंगावर तांबडी माती ओल्या लेपासारखी चिकटलेली होती. मेकॅनिकने ती बोटाने निपटली, तर खाली तेलाचा काळा ओघळ निघाला. उरलेल्या तीन शॉकवर तीच माती इतकी कोरडी होती की फुंकर मारताच उडाली असती. "हा शॉक गेला. आता कुठला घालायचा ते तुम्ही सांगा, मी घालून देतो," असे तो म्हणाला.

घालून देण्यापेक्षा सांगणे अवघड होते. माझ्या गाडीसाठी चार-पाच प्रकारचे शॉक मिळत होते, त्यांच्या किमतींत कित्येक पटींचा फरक होता आणि प्रत्येकाची शिफारस करणारा माणूस ठामपणे बोलत होता. जुन्या स्पोर्ट्स कार हल्ली गोव्यात बऱ्याच जणांकडे आहेत आणि त्यांतील अनेकांपुढे हाच प्रश्न उभा राहतो. माझ्या मते तो सुटतो, पण त्यासाठी विचारांचा क्रम बदलावा लागतो. बहुतेक जण सुरुवात शॉकच्या कंपनीपासून करतात. सुरुवात करायला हवी ती आपल्या गाडीच्या स्प्रिंगपासून आणि आपल्या रोजच्या रस्त्यापासून.

स्प्रिंग वजन पेलते, शॉक हालचाल आवरतो

शॉक ॲब्झॉर्बर हे नावच थोडे दिशाभूल करणारे आहे. खड्ड्याचा धक्का प्रथम झेलतात ते टायर आणि स्प्रिंग. गाडीचे वजनही स्प्रिंगच पेलते. परंतु दाबलेली स्प्रिंग सुटली की ती मूळ जागी थांबत नाही. झोक्यासारखी ती पुढेमागे होत राहते. हे झोके लवकर शमवणे, हे शॉकचे काम.

कार्यालयांच्या काचेच्या दारांना वरच्या बाजूला जे तेलाचे यंत्र बसवलेले असते, त्याचा आतील व्यवहार शॉकसारखाच असतो. ते बिघडले की दार धाडकन आपटते आणि ते फार आवळले की दार मिटायला इतका वेळ लागतो की बाहेरची गरम हवा आत येत राहते. शॉकलाही या दोन टोकांमधली जागा गाठायची असते. ज्या विरोधामुळे स्प्रिंग एकही झोका न घेता कमीत कमी वेळात स्थिर होईल, त्याला पूर्ण विरोध मानले, तर रस्त्यावरील साध्या गाड्यांचे शॉक त्याच्या साधारण चतुर्थांश ते तृतीयांश इतकाच विरोध करतात. स्पोर्ट्स कारमध्ये हे प्रमाण थोडे अधिक असते, पण पूर्ण विरोधाच्या जवळपासही ते नेलेले नसते. तसे नेले, तर प्रत्येक बारीक उंचवटा थेट पाठीच्या कण्याला कळेल.

नळीच्या आत काय घडते

शॉक म्हणजे तेलाने भरलेली नळी. तिच्या आत एक दट्ट्या वरखाली सरकतो. दट्ट्याला बारीक छिद्रे असतात आणि त्यांवर पोलादाच्या पातळ चकत्यांचे व्हॉल्व्ह बसवलेले असतात. तेल त्या छिद्रांतून बळेच ढकलले जाते आणि हालचालीतील शक्तीची उष्णता होते. चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटात जोरात गाडी चालवून आल्यावर शॉक हाताला गरम लागतात, ते यामुळेच.

ताकात रवी वेगाने फिरवली की फेस येतो. शॉकच्या तेलाचेही तसेच होते. दट्ट्या वेगाने हलू लागला की तेलात बुडबुडे तयार होतात आणि फेसाळलेले तेल छिद्रांतून सहज निसटते. मग शॉक काही काळ जागेवर असूनही नसल्यासारखा होतो. यावरचा उपाय म्हणजे तेल दाबाखाली ठेवणे. गोटी सोड्याची बाटली बंद असते तोवर आत एकही बुडबुडा दिसत नाही आणि गोटी ढकलली की सोडा फसफसतो, त्यातले तत्त्व हेच.

हा दाब देण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत नळीच्या आत दुसरी नळी असते; आतल्या नळीत दट्ट्या चालतो आणि बाहेरच्या नळीत जास्तीचे तेल व कमी दाबाचा नायट्रोजन असतो. याला ट्विन-ट्यूब म्हणतात. दुसरीत एकच नळी असते आणि तिच्या एका टोकाला, सरकत्या पडद्यापलीकडे, नायट्रोजन कोंबलेला असतो. हा मोनोट्यूब. त्यातील दाब साधारण २० ते २५ बार असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधील हवेच्या सुमारे दहापट. फ्रेंच संशोधक द कार्बोन यांच्या कल्पनेवर आधारलेला हा शॉक जर्मनीच्या बिल्स्टीन कंपनीने १९५७ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांसाठी कारखान्यातून तयार करायला सुरुवात केली.

मोनोट्यूबमध्ये तेल आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये एकच भिंत असल्याने तो लवकर थंड होतो, दट्ट्याही मोठा बसतो आणि लहान हालचालींवर त्याचे नियंत्रण अधिक काटेकोर असते. परंतु त्याची एक उणी बाजू आपल्याकडच्या रस्त्यांवर विशेष महत्त्वाची ठरते. रस्तादुरुस्तीच्या खडीतील एखादा दगड उडून नळीला पोचा पडला, तर दट्ट्या ज्या भिंतीवर सरकतो तीच भिंत वाकते आणि शॉक अडकू लागतो. ट्विन-ट्यूबच्या बाहेरच्या नळीला तसाच पोचा पडला तर बहुधा काही बिघडत नाही. त्यामुळे "ट्विन-ट्यूब म्हणजे जुनाट" हे मत मला मान्य नाही. कोनी या शॉक बनवणाऱ्या कंपनीच्या पिवळ्या रंगाच्या प्रसिद्ध स्पोर्ट मालिकेतील अनेक शॉक ट्विन-ट्यूबच आहेत. नळ्या किती आहेत यापेक्षा आतले व्हॉल्व्ह कोणत्या गाडीसाठी बेतलेले आहेत, हे अधिक महत्त्वाचे.

दोन दिशा आणि दोन वेग

शॉक दबताना जो विरोध करतो त्याला बंप आणि लांबताना जो करतो त्याला रिबाउंड म्हणतात. हे दोन शब्द लक्षात ठेवले, की दुकानदाराचे निम्मे बोलणे उलगडते. रिबाउंड बहुधा बंपच्या दुप्पट-तिप्पट असतो. चाक वर ढकलले जाताना स्प्रिंग आपण होऊन विरोध करतच असते. परत येताना मात्र तिला आवरणारा शॉकखेरीज कोणी नसतो.

दिशेइतकाच वेगही महत्त्वाचा असतो, पण हा वेग गाडीचा नव्हे, दट्ट्याचा. वळणावर गाडी एका बाजूला कलते किंवा ब्रेक दाबल्यावर नाक खाली जाते, तेव्हा दट्ट्या सावकाश सरकतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने अर्ध्या मीटरचा खड्डा पार व्हायला मात्र सेकंदाचा सुमारे तेहतिसावा भाग लागतो आणि तेवढ्यात चाकाला खाली जाऊन वर यायचे असते. चांगला शॉक सावकाश हालचालीला ठाम विरोध करतो आणि अचानक बसलेल्या धक्क्याला चटकन वाट करून देतो. स्वस्त "स्पोर्ट" शॉकमध्ये पहिला गुण आणण्याच्या नादात दुसरा गमावलेला असतो. वळणावर ते छान वाटतात आणि खड्ड्यात दातावर दात आपटतात.

हा फरक पारखण्यासाठी मोठा खड्डा शोधण्याची गरज नाही. चौकाच्या किंवा शाळेच्या अलीकडे रस्त्यावर जे जाड पांढरे पट्टे सलग आखलेले असतात, त्यांवरून जाताना लक्ष द्यावे. समजा, पट्टे एकेक मीटर अंतरावर आहेत आणि गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली आहे. म्हणजे चाकाला सेकंदाला सुमारे १४ धक्के बसतात. मोटारीचे चाक स्वतःच्या लयीत थरथरू लागते तेही साधारण सेकंदाला १० ते १५ वेळाच, त्यामुळे या पट्ट्यांवर शॉकची खरी कसोटी लागते. शॉक मेलेला असेल, तर चाक नाचू लागते आणि सुकाणू हातात हलके होते. उलट रिबाउंड गरजेपेक्षा जास्त असेल, तर एका पट्ट्यानंतर चाक पुरते खाली येण्याआधीच दुसरा पट्टा येतो, मग तिसरा येतो आणि गाडी पायरीपायरीने खाली बसत जाऊन अखेर आतल्या रबरी थोपणीवर टेकते. ही थोपणी म्हणजे बंप स्टॉप. चालवणाऱ्याला वाटते की स्प्रिंग फार कडक आहे. प्रत्यक्षात त्या क्षणी स्प्रिंगला काम करायला जागाच उरलेली नसते.

"पण कडक शॉक म्हणजे अधिक पकड ना?"

हा आक्षेप मी सर्वांत जास्त वेळा ऐकला आहे आणि तो निव्वळ अज्ञानातून येत नाही. शर्यतीच्या गाड्या खरोखरच कडक असतात. परंतु शर्यतीचा मार्ग गुळगुळीत असतो आणि तिथे गाडीचे शरीर हलू न देणे हाच मुख्य हेतू असतो. सार्वजनिक रस्त्यावर पकड देतो तो टायर, आणि तीही तो जमिनीला टेकलेला असेल तेवढाच वेळ. पत्रादेवी ते पोळे या राष्ट्रीय महामार्ग ६६ वर एकाच प्रवासात नवा काँक्रीटचा पट्टा, पुलांचे सांधे आणि उखडलेले डांबर हे सारे भेटते. त्यातच पावसाळ्यात रस्ता ओला असतो. ज्या शॉकमुळे टायर क्षणभर हवेत राहतो, तो कितीही "स्पोर्टी" वाटला तरी त्या क्षणी गाडीला ना ब्रेक असतो ना सुकाणू.

म्हणूनच ज्यांची गाडी रोज पणजी-फोंडा अशा मार्गांवर धावते, त्यांनी मूळ शॉकइतक्याच किंवा त्याहून किंचित ठाम विरोधाचे शॉक घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सावकाश हालचालीला ठाम विरोध आणि अचानक धक्क्याला वाट, या दोन्ही गुणांचा मेळ घालण्यासाठी काही उत्पादकांनी व्हॉल्व्हमध्ये वेगळी योजना केली आहे. कोनीच्या स्पेशल ॲक्टिव्ह शॉकमध्ये चाकाच्या जलद कंपनांच्या वेळी तेलाला आणखी एक वाट मिळते आणि विरोध घटतो. ओलिन्सच्या रोड अँड ट्रॅक संचातील ड्युअल फ्लो व्हॉल्व्हही अचानक धक्क्याच्या वेळी दोन्ही दिशांना तेल लवकर सोडतो. आपल्या गाडीसाठी असा पर्याय उपलब्ध असेल, तर थोडे जास्त पैसे इथे खर्च केलेले सार्थकी लागतात.

आधी स्प्रिंग ओळखावी

शॉकचा विरोध स्प्रिंगच्या ताकदीशी जुळलेला असावा लागतो. स्प्रिंग दुप्पट कडक केली, तर झोका तेवढाच आटोक्यात राहण्यासाठी शॉकचा विरोध सुमारे १.४ पट लागतो. कडक स्प्रिंगवर जुना शॉक ठेवला की गाडी उसळते आणि मूळ स्प्रिंगवर शर्यतीचा शॉक घातला की ती दगडासारखी होते.

इथे जुनी गाडी घेणाऱ्याची हमखास फसगत होते. आधीच्या मालकाने स्प्रिंग बदलल्या असतील आणि विकताना ते सांगितलेही नसेल. शिवाय एकाच मॉडेलमध्ये कारखान्यातूनच साधे आणि स्पोर्ट असे दोन प्रकारचे सस्पेन्शन येऊ शकते आणि त्यांचे शॉक एकमेकांत बदलून चालत नाहीत. त्यामुळे चासी क्रमांकावरून मूळ भागाचा क्रमांक काढावा आणि मग गाडी लिफ्टवर चढवून स्प्रिंगवरील रंगाच्या खुणा व कोरलेला क्रमांक त्याच्याशी ताडून पाहावा. हे अर्ध्या तासाचे काम आहे आणि ते वगळून केलेली निवड म्हणजे माप न घेता शिवलेले कपडे.

उत्पादकांच्या यादीतही हा भेद असतो. बिल्स्टीनचे उदाहरण घेऊ. बी-४ हा मूळ शॉकच्या जागी तसाच बसणारा, बी-६ हा मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी पण अधिक ठाम, तर बी-८ हा लांबीला आखूड आणि उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगसाठी केलेला आहे. आकडा मोठा म्हणून बी-८ घेतला आणि स्प्रिंग मूळच राहिली, तर आखूड शॉक आपल्या वरच्या टोकाजवळ काम करत राहतो आणि खड्ड्यात चाक खाली उतरायला जागा कमी पडते. जपानच्या केवायबीचेही दोन प्रकार असेच वेगळे आहेत: एक्सेल-जी ट्विन-ट्यूब आणि गॅस-ए-जस्ट मोनोट्यूब.

गाडी थोडी खाली घ्यावी का?

उंची ३० मिलिमीटरने कमी करणे म्हणजे जेमतेम दोन बोटे. पण समजा, मूळ गाडीत बंप स्टॉपला टेकेपर्यंत चाकाला वर जायला ७० मिलिमीटर जागा होती, तर आता ४० उरली. गोव्याच्या गतिरोधकांची उंची ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

एक दृश्य मात्र सांगतो. दिवाडीला जाण्यासाठी ओहोटीच्या वेळी जुन्या गोव्याच्या धक्क्यावर उभा होतो. धक्क्याचा उतार खाली जात होता आणि फेरीबोटीची लोखंडी फळी पुन्हा वर चढत होती. दोन्हींच्या मध्ये कोन असा होता की माझ्या पुढची खाली घेतलेली गाडी नाकाने फळीला टेकली आणि तिच्या पुढच्या बंपरखालची काळी पट्टी सुटून पाण्याच्या कडेला पडली. चालकाने ती उचलून डिकीत ठेवली आणि गाडी मागे घेतली. तो पलीकडे गेलाच नाही. मी तिरक्या चालीने, एकेक चाक चढवत, कसाबसा वर पोचलो. माझ्या गाडीची उंची मूळचीच होती.

ज्यांना बेटांवर, गावांतल्या अरुंद वाटांवर आणि अंगणातल्या उंच उंबऱ्यावरून गाडी न्यायची आहे, त्यांनी मूळ उंची सोडू नये.

कॉइलओव्हर का नको?

स्प्रिंग आणि शॉक एकत्र, उंची कमीजास्त करता येईल असा आटे पाडलेला संच म्हणजे कॉइलओव्हर. शर्यतीला जाणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग आहे. इतरांच्या हाती बहुधा शॉकचा विरोध कमीजास्त करणारी कळ फिरवण्याचे असे स्वातंत्र्य येते, ज्याचे काय करायचे ते त्यांना ठाऊक नसते. ज्याला एकच कळ असते, असा शॉक बऱ्याचदा फक्त रिबाउंड बदलतो आणि ती कळ स्प्रिंगशी मेळ घालण्यासाठी दिलेली असते. "आराम" आणि "स्पोर्ट" असा खटका म्हणून ती वापरली की वर सांगितलेला पट्ट्यांवरचा त्रास ओढवतो.

दुसरी अडचण हवेची. किनाऱ्यालगतची खारी हवा, पावसाळ्यातील चिखल आणि डिचोली-सांगे भागातील खनिजाची बारीक धूळ आट्यांमध्ये बसते आणि दोन पावसाळ्यांत उंची ठरवणारी कडी जाम होते. मग उंची बदलण्याची सोय कागदावरच राहते. केडब्ल्यूसारखे काही उत्पादक स्टेनलेस स्टीलची नळी देतात. कॉइलओव्हर घ्यायचेच असतील, तर तशी नळी पाहावी आणि दर पावसाळ्यानंतर आटे ब्रशने साफ करून घ्यावेत.

विजेवर चालणारे शॉक

काही गाड्यांत शॉकचा विरोध संगणक ठरवतो. चुंबकीय प्रकारात तेलात लोहाचे सूक्ष्म कण असतात आणि वीज सोडताच ते रांगेत येऊन तेलाला घट्ट करतात. २००२ मध्ये कॅडिलॅकच्या गाडीत हा प्रकार प्रथम आला आणि पुढे ऑडी टीटीसारख्या गाड्यांतही दिला गेला. हे शॉक महाग असतात, म्हणून ते काढून साधे बसवण्याचा मोह होतो. तसे करता येते, पण मग डॅशबोर्डवर दोषाचा दिवा पेटतो आणि तो विझवण्यासाठी वेगळे उपकरण किंवा संगणकातील नोंद बदलणे आवश्यक ठरते. स्प्रिंगही त्याच शॉकसाठी बेतलेल्या असू शकतात. दोन्ही बाजूंचा हिशोब आधीच मांडावा.

जुनेच दुरुस्त करून घेतले तर?

दट्ट्याला जोडलेल्या दांड्यावर तेलाचा हलका ओलावा दिसणे स्वाभाविक आहे. ओघळ येणे नाही. बोनेट दाबून गाडी किती वेळा हलते ते पाहण्याची जुनी रीत कडक स्प्रिंगच्या गाड्यांत फारशी उपयोगी पडत नाही, कारण निम्मा मेलेला शॉकही त्या परीक्षेत उत्तीर्ण होतो. टायर हातानेच तपासावा: पृष्ठभागावर ठरावीक अंतराने खोलगट चट्टे बोटांना लागत असतील, तर चाक उड्या मारत आहे.

बिल्स्टीन, कोनी किंवा ओलिन्स यांचे बरेच शॉक उघडून, सील आणि तेल बदलून, पुन्हा दाब भरून देता येतात, पण ते काम योग्य यंत्रसामग्री असलेल्या ठिकाणीच व्हायला हवे. बंद नळीला भोक पाडून, तेल भरून, वेल्डिंग करून देणारे लोकही भेटतात. दाबाखालच्या नळीला भोक पाडणे वा उष्णता देणे जिवावर बेतू शकते आणि अशा शॉकचा विरोध आता किती आहे हे कोणीच सांगू शकत नाही. ते करू नये.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. झिजलेल्या शॉकच्या जागी त्याच मापाचा शॉक घालणे ही साधी देखभाल आहे. उंची बदलणारा संच बसवायचा असेल, तर आधी वाहतूक कार्यालयात विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. अपघातानंतर हा मुद्दा निघण्यापेक्षा ते बरे.

बसवताना

शॉक एकेकटा बदलू नये; निदान एका धुरेवरची जोडी तरी बदलावी. त्यासोबत वरचे माउंटिंग, बंप स्टॉप, धूळ अडवणारी रबरी पिशवी आणि नट नवे घ्यावेत, कारण मजुरी एकदाच द्यायची असते. ट्विन-ट्यूब शॉक बसवण्यापूर्वी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबावा आणि लांबवावा, म्हणजे आडवा पडून आत शिरलेली हवा निघते. दांडा पकडीने धरू देऊ नये. चकचकीत पृष्ठभागावरचा एक ओरखडा सील फाडायला पुरेसा असतो. दांड्यावरचा नट हवेच्या बंदुकीने आवळू नये, तो हातानेच आवळावा.

गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना चाकाला धरणाऱ्या आर्मच्या सांध्यांतील रबरी बुशांचे बोल्ट पक्के करणे, ही मला सर्वाधिक वेळा दिसलेली चूक. चाके जमिनीवर टेकली की ती रबरे कायमची पिळलेली राहतात, गाडी चमत्कारिक उंच बसते आणि काही महिन्यांत बुश फाटतात. बोल्ट आधी सैल लावावेत, गाडीचे वजन चाकांवर आणावे आणि मग आवळावेत.

काम सुरू होण्याआधी सपाट जागेवर चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून कागदावर लिहावे. शॉक बसल्यावर चारही चाकांचे अलाइनमेंट करावे आणि दोन-तीनशे किलोमीटर चालवल्यावर तेच अंतर पुन्हा मोजावे. माझ्या गाडीत पुढच्या उजव्या कोपऱ्यात आठ मिलिमीटरचा फरक आला होता. स्प्रिंगचे टोक खालच्या बशीच्या खाचेत बसलेच नव्हते.